कार्डाचा खालचा डावा कोपरा

प्लम फोर्क, इंडियाना
२ डिसेंबर

प्रिय कॉर्डेलिया,

तुझा नवरा अध्यक्ष झाल्यापासून तुला काय म्हणावं, यावर आमच्या शिवणमंडळाच्या तीन बैठका झाल्या. मिसेस ऑल्कट 'अध्यक्षीणबाई' म्हणायला सांगतात, पाद्रीबाबांच्या बहिणीला 'महोदया' हवं आहे. मी म्हटलं, हिला गोवर आला तेव्हा मी अंगाला ओटचं पीठ चोळलं आहे, मी कॉर्डेलियाच म्हणणार. ठराव बारगळला.

आता कामाचं. माझी पोस्टमास्तरकीची मुदत वीस फेब्रुवारीला संपते. अमॉस होता तेव्हा मी पोस्टमास्तरीण होते, म्हणजे पोस्टमास्तरची बायको. तो गेल्यावर मी पोस्टमास्तर झाले. हा फरक गावाला सोळा वर्षांत कळला नाही, पण या सोळा वर्षांत गावाचं एक पत्र हरवलेलं नाही. आपले सिनेटर जोथम स्ट्राउड आता म्हणतात, पोस्ट लहान होतं तोवर बाई खपून गेली. आता ते वरच्या वर्गात गेलं. नेमणूक खुद्द अध्यक्ष करणार, सिनेट मंजुरी देणार. अशा खिडकीत पुरुष शोभतो. तो शोभिवंत पुरुषही त्यांनी शोधून ठेवला आहे. त्यांचा मेहुणा लेम्युएल गॉस. गॉस शवपेट्या करतो. कामात चोख आहे, एकाही गिऱ्हाइकाची आजवर तक्रार नाही. पण पत्रं वाटणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही.

मला उपकार नको, कॉर्डेलिया. उपकार मागायचा असता तर मी स्ट्राउडकडेच गेले असते, तो उपकारांचंच दुकान चालवतो. मला माझं काम हवं आहे, कारण ते मी नीट करते. तुझ्या आधीच्या अध्यक्षांच्या बायका आठव. तू ज्या घरात राहतेस त्याच्या पूर्वेकडच्या अर्धवट दालनात अबिगेल अ‍ॅडम्सनं धुणं वाळत घातलं. इंग्रज शहर जाळायला आले तेव्हा डॉली मॅडिसननं वॉशिंग्टनचं चित्र हलवल्याशिवाय ते घर सोडलं नाही. सेरा पोक नवऱ्याचे कागद वाचायची आणि त्याच्या चुका काढायची. या बायकांना कोणी निवडून दिलं नव्हतं. पगार नाही, हुद्दा नाही, बसायला स्वतःचं टेबल नाही. नवऱ्याच्या कानापासून हातभर अंतरावर त्या बसायच्या, एवढीच त्यांची सत्ता. तूही तेवढ्याच अंतरावर बसतेस.

जेवताना एक खरं वाक्य बोल. फिलेना टकर काम चोख करते. बस.

तुझी मावशी,
फिलेना


वॉशिंग्टन
११ डिसेंबर

प्रिय फिलेनामावशी,

बोलले. म्हणजे बोलायला लागले.

इथली परिस्थिती तुला माहीत नाही. यांना जो भेटतो तो जागा मागतो. न्हाव्यानं अर्धी दाढी करून वस्तरा गळ्याशी थांबवला आणि भाच्यासाठी जकातीत काही होईल का, म्हणून विचारलं. दंतवैद्यानं तर चिमटा तोंडात असतानाच जावयासाठी दीपगृह मागितलं. तोंड उघडं असल्यामुळे यांना नाही म्हणता येईना. 'आ' एवढंच म्हणाले, त्याचा अर्थ दंतवैद्यानं 'हो' असा घेतला. तेव्हापासून यांचा हुकूम आहे की जेवणाच्या टेबलावर कुठल्याही सरकारी जागेचं नाव निघालं, की हे उठून जाणार.

मी वाट पाहिली. सूप येऊ दिलं. मग म्हटलं, "आमच्या मावशीचं पोस्ट..." आणि हे सूपची थाळी घेऊन उठले. जिन्यात बसून प्यायले. पोर्तुगालचे राजदूत जेवायला होते, त्यांना वाटलं ही इथली पद्धतच आहे. तेही आपली थाळी घेऊन गेले. दोघं अर्धा तास जिन्यात बसले होते आणि त्यांचं फार छान जमलं.

माझ्या सत्तेचं म्हणशील तर मला स्वतःचे हातसुद्धा माझ्या मर्जीनं हलवता येत नाहीत. रीतभात शिकवायला मिसेस व्हॅन डाइन नावाच्या बाई आहेत, वय एक्याऐंशी, कणा तुझ्या पोस्टाच्या खांबासारखा. त्यांच्या मते अध्यक्षाच्या बायकोनं कोणाच्याही घरी जायचं नाही. ही प्रथा एलिझाबेथ मन्रोनं पाडली. तेव्हा चिडून शहरातल्या बायकांनी तिच्या घरी जाणं सोडलं होतं. बायका पुढे परत आल्या, प्रथाही राहिली. त्यामुळे मी घरात बसते आणि माझी गाडी माझं नावाचं कार्ड घेऊन फिरायला जाते. कार्डावर काही लिहायचं नसतं, कोपरा दुमडायचा असतो. वरचा उजवा दुमडला तर 'स्वतः येऊन गेले'. वरचा डावा, 'अभिनंदन'. खालचा उजवा, 'गाव सोडून निघाले'. खालचा डावा, 'आपल्या दुःखात सहभागी'. हे पाठ करायला मला दोन दिवस लागले. मिसेस व्हॅन डाइन मध्येच ओरडून विचारतात, "बारसं?" आणि मी कोपरा सांगते.

पोस्टाचं पुन्हा बघते. आज नवव्यांदा हवामानापासून सुरुवात करून टपालापर्यंत यायचा प्रयत्न केला. हे बर्फापाशीच झोपी गेले.

तुझी कॉर्डेलिया


प्लम फोर्क
१८ डिसेंबर

प्रिय कॉर्डेलिया,

सूप घेऊन जिन्यात बसणारा माणूस देश चालवतो, हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. या देशातले पुरुष बायकोच्या एका खऱ्या वाक्यापासून इतके दूर पळतात की ते पळणं एखाद्या उपयोगी कामाला जुंपलं, तर रेल्वेला कोळसा लागणार नाही. हे वाक्य मी मंगळवारी शिवणमंडळात म्हटलं. टाळ्या पडल्या. मिसेस ऑल्कटनी सुई टोचून घेतली.

गॉस काल पोस्टाच्या खिडकीचं माप घ्यायला आला. सवयीनं त्यानं माझंही घेतलं. "पाच फूट एक इंच," म्हणाला आणि वहीत लिहून ठेवलं. दिवसभरात त्याच्या तोंडून तेवढेच शब्द ऐकले. माणसाशी माझं वैर नाही, पण तो खिडकीत उभा राहिला तर म्हाताऱ्या माणसांनी पत्रं न्यायला कसं यायचं, सांग.

नवरा ऐकत नसेल तर बायकांशी बोल. सिनेटरांच्या बायकासुद्धा कोणाच्या तरी कानापासून हातभर अंतरावर बसतात. आपल्याला मतदानाचा हक्क नाही. मिळेपर्यंत मी गप्प बसणार नाही. पण तोवर जे आहे ते वापर. स्ट्राउडची बायको, म्हणजे गॉसची बहीण ऑर्पा, तुझ्या नववर्षाच्या समारंभाला येईलच. तिला माझं नाव सांग. खुशामत करू नकोस, माणसासारखं बोल.

दिवस मोजायला लागले आहे. चौसष्ट उरले.

तुझी मावशी


वॉशिंग्टन
४ जानेवारी

प्रिय फिलेनामावशी,

हे पत्र डाव्या हातानं लिहिते आहे. उजवा मिठाच्या पाण्यात आहे. नववर्षाच्या दिवशी दार उघडं असतं आणि ज्याला वाटेल तो आत येऊन आमच्याशी हात मिळवतो. तीन हजार एकशे बारा माणसं आली. मिसेस व्हॅन डाइननी युक्ती सांगितली होती की दोन्ही हातांत फुलांचा गुच्छ धरायचा, म्हणजे हात द्यावाच लागत नाही. एका शेतकऱ्याला वाटलं गुच्छ त्याच्यासाठीच आहे. तो घेऊन गेला, थँक्यू म्हणाला. पुढचे दोन हजार नऊशे हात मी मिळवले.

ऑर्पा स्ट्राउड आली होती. मी माणसासारखं बोलायला सुरुवात केली, पण मागून रेटा आला आणि ती ढकलली जाऊन थेट अर्थमंत्र्यांच्या अंगावर गेली. तेवढ्यात तिनं एवढंच सांगितलं की जोथमना या वर्षी मोठी समिती मिळणार अशी सगळीकडे बोलवा आहे.

मग मी ठरवलं की तिला कार्डातूनच आपलंसं करायचं. समारंभानंतर सिनेटरांच्या बायकांना नववर्षाच्या अभिनंदनाची कार्डं जातात. एकाहत्तर बायका आहेत. मिसेस व्हॅन डाइनना पडसं झालं आहे, म्हणून सगळे कोपरे मीच दुमडले. कार्डं छापखान्यातून ताजी आली होती, शाई बोटांना लागत होती. मी हुशारीनं सगळी पालथी मांडली आणि वरचा डावा कोपरा दुमडत गेले. मग एकेक खालून वर उलटून डब्यात भरलं. एकही डाग नाही.

ऑर्पाच्या कार्डावर रीत मोडून दोन ओळी लिहिल्या. 'सिनेटरसाहेबांच्या बाबतीत जे घडणार आहे ते मला कळलं. माझ्या भावना तुम्हाला ठाऊक आहेतच.' समितीबद्दल गं. गोड वाटलं असेल ना तिला?

आज सकाळी गाडी सगळी कार्डं वाटून आली.

तुझी कॉर्डेलिया


प्लम फोर्क
१४ जानेवारी

माझ्या कॉर्डेलिया,

मी तुला ओळखलंच नव्हतं. मला वाटत होतं, माझ्या बहिणीची पोर मऊ आहे, भिडस्त आहे, रीतीभातीत गुदमरून जाईल. आणि तू कार्डाचा एक कोपरा दुमडून इंडियानाचा सिनेटर आडवा केलास.

सगळं सांगते. आठ तारखेला ऑर्पाचं पोस्टकार्ड गॉसच्या नावानं आलं. मी पोस्टकार्डं वाचत नाही, पण मला डोळे आहेत आणि ती उघडी असतात. त्यावर होतं, 'लेम, तिनं खालचा डावा दुमडला आहे. जोथम गेल्यात जमा. तो गुरुवारच्या गाडीनं गावी येतो आहे. कोणाजवळ बोलू नकोस.'

लेम्युएल गॉस कोणाजवळ बोलला नाही. त्यानं 'जोथम गेला' आणि 'गुरुवारच्या गाडीनं येतो आहे' एवढंच घेतलं आणि कामाला लागला. मेहुणा म्हणून अक्रोडाचं लाकूड काढलं. पितळी कड्या लावल्या. गुरुवारी तो काळा कोट घालून, चार माणसं आणि ती पेटी घेऊन स्टेशनवर उभा राहिला. गाडी आली. जोथम स्ट्राउड स्वतःच्या पायांनी उतरला आणि समोर पेटी, वर पितळी पाटीवर स्वतःचं नाव.

मी टपालाची थैली घ्यायला तिथेच होते, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते. सिनेटर पांढरा पडला. त्याला वाटलं की वॉशिंग्टनहून हुकूम सुटला आणि तो त्याच्या आधी गावात पोचला. गॉस त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं खिशातून फीत काढली आणि बहुधा नीट बसते का ते बघायला, मेहुण्याच्या खांद्याचं माप घेतलं. "बरोबर आहे," म्हणाला.

स्ट्राउडनं परत जाताना माझ्या खिडकीपुढे हॅट काढली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या जागेचं अवाक्षर काढलं नाही.

तू विचारशील मावशीला काय वाटलं. मावशीला वाटलं की अबिगेल अ‍ॅडम्सचं धुणं, डॉली मॅडिसनचं चित्र आणि तुझा कोपरा एका ओळीत लिहिले जातील. मी मंगळवारी यावर बोलणार आहे. नाव घेणार नाही, पण सगळ्यांना कळेल.

तुझी अभिमानी मावशी


वॉशिंग्टन
२० जानेवारी

मावशी,

मंगळवारी बोलू नकोस. बोलली असशील तर परत घे.

मी काही केलेलं नाही. तुझं पत्र वाचून मी उरलेलं एक कार्ड घेतलं, पालथं ठेवलं, वरचा डावा कोपरा दुमडला, खालून वर उलटलं आणि बघत बसले. खालचा डावा. मी सिनेटरांच्या एकाहत्तर बायकांना दुखवटा पाठवला आहे.

आता मला उलगडलं. पंधरा दिवस इथे काय चाललं होतं, ते मला कळतच नव्हतं. मेनच्या सिनेटरची बायको काळे कपडे घालून आली, माझा हात धरून रडली आणि विचारू लागली की तिच्या यांना अजून किती दिवस आहेत. मी म्हटलं, थंडी संपेपर्यंत तरी. मला वाटलं ती अधिवेशनाबद्दल विचारते आहे. एक म्हातारे सिनेटर कार्ड पाहून अंथरुणाला खिळले. डॉक्टरला काही सापडेना तेव्हा त्यांनी तेच लक्षण मानलं. बाकीचे रोज सकाळी यांच्या दारात रांग लावून उभे. जो तो म्हणतो, साहेब, मी तर पहिल्यापासून तुमच्याच बाजूचा.

यांचं नद्यांमधला गाळ उपसण्याचं विधेयक दहा महिने गाळात पडलं होतं. ते मंगळवारी एका आवाजात मंजूर झालं. हे हवेत आहेत. त्यांची खात्री आहे की हा त्यांच्या डिसेंबरातल्या भाषणाचा परिणाम आहे. रोज न्याहारीला त्यातला एक परिच्छेद मला वाचून दाखवतात. दोन तास चाळीस मिनिटांचं भाषण आहे, मावशी. आम्ही अजून ओहायो नदीच्या उगमापाशी आहोत.

मिसेस व्हॅन डाइनना सांगितलं. त्यांनी कार्ड पाहिलं, खुर्ची धरली आणि म्हणाल्या की 'चूक झाली' यासाठी कोपराच नाही.

मला कबूल केलं पाहिजे. पण कबूल केलं की स्ट्राउडच्या जिवात जीव येईल आणि गॉसचा अर्ज पुन्हा पुढे येईल. तू सांग. तू सांगशील तसं करते.

तुझी कॉर्डेलिया


प्लम फोर्क
२६ जानेवारी

प्रिय कॉर्डेलिया,

मंगळवारी मी बोलले होते. पन्नास मिनिटं. पाद्रीबाबांची बहीण उभी राहून रडली. आता ते परत घेता येणार नाही. घसा सुजला आहे असं सांगून या मंगळवारी घरी बसले.

तू मला विचारलंस, म्हणून उत्तर देते, आणि ते सोळा वर्षांचा जुना कोट घालून, खिडकीमागे ताठ बसून देते आहे. मी आयुष्यभर सांगत आले की बाईला भीक नको, कृपा नको, गंमत म्हणून टाकलेला तुकडा नको. तिला हक्क हवा, उजेडात, नाव लिहून. छापखान्याची शाई ओली होती म्हणून मिळालेली खिडकी मला नको. एकाहत्तर घरं घाबरली आहेत म्हणून मी पोस्टमास्तर राहणार असेन, तर मी आणि स्ट्राउड यांत फरक काय? तोही माणसांना घाबरवूनच जागा वाटतो. तेव्हा कबूल कर. एकूण एक बाईला लिही. नवऱ्याला सांग. मान ताठ ठेवून सांग.

हे वाक्य लिहून मी टाक खाली ठेवला. भिंतीवर पत्रांचे दोनशे चौदा कप्पे आहेत. कुठला कोणाचा ते मला डोळे मिटून सांगता येतं. हातात पत्र आलं की कोणाच्या घरी आनंद चालला आहे आणि कोणाच्या घरी दुसरं काही, ते मला वजनावरून कळतं. हे दुसरं कुठलं काम नाही गं मला येत.

म्हणून कबूल कर, पण एकवीस फेब्रुवारीला कर.

नाही. आधीचाच परिच्छेद खरा धर. हा धरू नकोस. खोडून टाकला असता, पण मी कागदावर खोडाखोड करत नाही.

तुझी मावशी


वॉशिंग्टन
६ फेब्रुवारी

प्रिय फिलेनामावशी,

मी आधीचा परिच्छेद धरला. दुसरा वाचून मात्र रडले.

गेल्या रविवारी न्याहारीला हे भाषणाचा अठ्ठाविसावा परिच्छेद काढून बसले होते, तेव्हाच सांगून टाकलं. पालथी कार्डं, ओली शाई, खालचा डावा, सगळं. यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे माझं भाषण नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं.

"जराही नाही?"

"मिसूरीच्या सिनेटरना आवडलं होतं. पण ते बहिरे आहेत."

यांनी कागदांची घडी केली. दुखावले होते, पण मग खांदे हलायला लागले आणि हसता हसता यांचा चष्मा मुरंब्यात पडला. मी ती संधी साधली. पोस्ट म्हटलं नाही, जागा म्हटलं नाही. म्हटलं, "प्लम फोर्कला माझी एक मावशी आहे. ती सोळा वर्षं गावाची पत्रं वाटते आणि त्यातलं एक हरवलेलं नाही." हे उठले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले की असं माणूस त्यांच्या सबंध सरकारात नाही. दुसऱ्याच दिवशी तुझं नाव सिनेटकडे गेलं.

इथवर चांगलं. आता पुढचं. मी एकाहत्तर जणींना हातानं माफीची चिठ्ठी लिहिली. बहुतेक हसल्या. व्हर्माँटच्या बाईंनी विचारलंय की दुखवटा तसाच राहू दिला तर चालेल का, कारण नवरा तेव्हापासून घरी वेळेवर येतो. पण स्ट्राउड संतापलेत. अक्रोडाची पेटी ते विसरायला तयार नाहीत. काल ऑर्पा मुद्दाम येऊन सांगून गेली, माझाच केक खात. राज्याच्या सिनेटरनं दुसरं नाव पुढे केलं तर सिनेट त्याचंच ऐकते. त्यासाठी फक्त गॉसची सही असलेला अर्ज हवा, सतरा तारखेच्या आत. तो कोरा अर्ज पाकिटात घालून स्ट्राउडनी काल टपालात टाकला. म्हणे इतक्या रागानं पत्ता लिहिला की टाक मोडला आणि उरलेल्या अर्ध्या टाकानं तसाच पुरा केला.

ते पाकीट तुझ्याच हातात येणार, मावशी. बर्फ फार पडलं की आपल्याकडे टपाल कधीकधी उशिरा पोचतं ना? मी आपलं सहज विचारते आहे.

तुझी कॉर्डेलिया


प्लम फोर्क
२१ फेब्रुवारी

कॉर्डेलिया,

आधी तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. पुन्हा असं काही माझ्या पोस्टातून पाठवू नकोस. माझ्या गावात बर्फ पडतं, टपाल उशिरा पोचत नाही.

नेमणुकीचा कागद काल सकाळच्या थैलीतून आला. सिनेटची मंजुरी, तुझ्या नवऱ्याची सही, चार वर्षं. थैली मीच उघडली, कागद स्वतःला मीच पोचता केला. छापील मजकुरात 'त्याने' आणि 'त्याचे' असं अकरा ठिकाणी आहे. ते अकराही दुरुस्त करून नक्कल वॉशिंग्टनला परत पाठवते आहे. मी खोडाखोड करत नाही, पण याला मी खोडाखोड म्हणत नाही. नवऱ्याचे आभार मान. पण ही खिडकी मला तुम्ही दोघांनी दिलीत असं समजू नका. कशी मिळाली ते ऐका.

स्ट्राउडचं पाकीट दहा तारखेला, तुझ्या पत्राच्याच थैलीतून आलं. पत्ता म्हणजे शाईत बुडालेला कोळी सरपटत गेल्यासारखा. 'गॉ' वाटेल असं एक काहीतरी, आणि पुढे डाग. नियम असा आहे की पत्ता वाचता येत नसेल तर पत्र वॉशिंग्टनला बेवारस पत्रांच्या दफ्तरात पाठवायचं. तिथे ते महिनाभर पडलं असतं. कोणीही तेच केलं असतं आणि कोणी बोट दाखवू शकलं नसतं. नियम माझ्या बाजूनं होता, म्हणूनच अंगावर काटा आला. कारण मला तो पत्ता वाचता येत होता. सोळा वर्षं त्या माणसाचं अक्षर माझ्या हाताखालून जातं आहे. वाचता येत असताना येत नाही म्हणणं, याला माझ्याकडे एकच शब्द आहे आणि तो मी शिवणमंडळात उच्चारत नाही.

पाकीट कोटाच्या खिशात घातलं, बूट चढवले आणि गुडघाभर बर्फातून गॉसच्या कारखान्यात गेले. तो रंधा मारत होता. पाकीट पुढे केलं.

त्यानं ते खाली-वर फिरवून बघितलं. "पत्ता वाचता येत नाही," तो म्हणाला.

"मला येतो."

त्यानं फोडलं, अर्ज वाचला, परत वाचला. "यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"तरी आणलंत."

"पत्र तुमचं आहे, मिस्टर गॉस."

तो बाकावर बसला. लाकडाचा भुसा हातानं बाजूला केला आणि मग, कॉर्डेलिया, तो बोलला. या गावात त्याला इतकं बोलताना कोणी ऐकलेलं नाही. "फिलेनाबाई," तो म्हणाला, "तुमच्या खिडकीशी दिवसाला साठ माणसं येतात आणि साठच्या साठ बोलतात. मी बघून गेलो आहे. ही जागा ऑर्पाला हवी होती. मला विचारलं नाही कोणी. माझ्याकडे जे येतात ते गप्प असतात आणि मला ते आवडतं. आणि दुसरं, हे पत्र माझ्या हातात असतं आणि तुमचं असतं, तर मी ते आणून दिलं नसतं."

त्यानं कानामागची पेन्सिल काढली, कोरा अर्ज पालथा केला आणि मागे मोठ्या अक्षरांत 'नको' असं लिहिलं. खाली सही केली. पाकीट त्याच्याकडे होतं, पत्ता मी सांगितला. तिकीट लावलं आणि ते मी माझ्याबरोबरच पोस्टात आणलं, कारण गाडीला वीस मिनिटं उरली होती आणि टपाल चुकवणं मला जमत नाही.

शिक्का मात्र मी नेहमीपेक्षा जरा जोरात मारला.

तुझी मावशी,
फिलेना